भूत खरं निघालं तर चालेल का?

'स्कूबी-डू' या कार्टूनच्या प्रेक्षकांत एक भांडण १९८५ पासून चालू आहे आणि ते मिटायची चिन्हं नाहीत. भूत शेवटी माणूसच निघायला हवं, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, किती वर्षं तेच मुखवटे ओढत बसणार, एकदा तरी खरंखुरं भूत समोर येऊ दे की! हा अमेरिकेतल्या रिकामटेकड्यांचा वाद म्हणून सोडून द्यावा, तर तसंही नाही. पनवेलच्या एसटी स्टँडवर कणकवली-सावंतवाडीच्या गाडीसाठी ताटकळणाऱ्या चाकरमान्यांपुढे 'रात्रीस खेळ चाले' या मराठी मालिकेचं नाव काढून बघावं. भाषा मालवणी होते, भांडण तेच निघतं.

मूळ कार्टून १३ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर आलं. हॅना-बार्बेरा कंपनीसाठी जो रुबी आणि केन स्पीअर्स या दोघांनी ते रचलं. गंमत अशी, की त्याचा जन्मच प्रेक्षकांच्या तक्रारीतून झाला. शनिवारी सकाळच्या कार्टूनांत मारामारी फार, म्हणून पालकांच्या संघटना वाहिन्यांच्या मागे लागल्या होत्या. तेव्हा मारामारी नसलेलं, पण थोडं अंगावर काटा आणणारं काहीतरी हवं होतं. पहिला आराखडा वाहिनीच्या वरिष्ठांनी परत पाठवला, कारण तो लहान मुलांसाठी फारच भीतीदायक वाटला. मग स्कूबी हा भित्रा, खादाड कुत्रा पुढे आणला गेला, भीतीला हसू जोडलं गेलं आणि गाडी सुटली.

त्या गाडीचा मार्गही ठरून गेला. पडकी हवेली किंवा बंद पडलेली जत्रा, तिथे हिंडणारं भूत, त्याचा छडा लावणाऱ्या पोरांच्या टोळीची पळापळ, फसलेला सापळा आणि अखेरीस मुखवट्याखालून निघालेला कुणीतरी ओळखीचा इसम. तो बहुतेक वेळा तस्कर असतो, नाहीतर वारसाहक्कावर डोळा ठेवणारा नातेवाईक, नाहीतर लोकांना घाबरवून जागा स्वस्तात लाटू पाहणारा. हा शेवटचा प्रकार पनवेलकराला समजावून सांगावा लागत नाही. विमानतळाच्या नुसत्या चर्चेने इथल्या जमिनीचे भाव कसे चढले, ते तालुक्याने डोळ्यांदेखत पाहिलं आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. भुताला आवाहन केल्याचं भासवून लोकांत घबराट पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. स्कूबीचे निम्मे खलनायक त्याच कलमात आत गेले असते.

भूत शेवटी माणूस निघतं, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना या कार्टूनचं नेमकं हेच आवडलं होतं. १९९५ च्या 'द डेमन-हाँटेड वर्ल्ड' या पुस्तकात त्यांनी सुचवलं, की मोठ्यांसाठीही अशी मालिका निघाली तर ती लोकसेवाच ठरेल. त्याच वर्षी कार्टून नेटवर्क भारतात आलं. केबलवाल्याच्या कृपेने पनवेल-कळंबोलीच्या घरांत स्कूबी पोचला, पुढे हिंदी बोलू लागला. त्या वेळी शाळेतून येऊन दप्तर भिरकावणारी मुलं आज स्वतः आईबाप आहेत. स्कूबीच्या नव्या अवतारांवर सगळ्यात तावातावाने बोलणारी पिढी हीच.

भुतं खरी व्हायला १९८५ मध्ये सुरुवात झाली. 'द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू' या मालिकेत टोळीतला शॅगी आणि स्कूबी चुकून एक पेटी उघडतात, तेरा भुतं मोकाट सुटतात आणि ती परत कोंडायची जबाबदारी यांच्यावर येते. भयपटांचा नामवंत नट व्हिन्सेंट प्राइस याचा आवाज त्यात होता. या मालिकेत टोळीतला फ्रेड नाही आणि वेल्माही नाही. प्रत्येक भानगडीचं कारण शोधणारी, चष्मा हरवला तरी डोकं न हरवणारी मुलगीच घरी बसवली, कारण ती असती तर तिने पहिल्याच भागात प्रश्न विचारले असते. मालिका तेरा भागांत आटोपली, तेरावं भूत मोकळंच राहिलं. ते पकडायला थेट २०१९ मध्ये वेगळा चित्रपट काढावा लागला. त्यात वेल्मा आली आणि जुन्या भुतांचीही साधी कारणं सांगू लागली, तर चाहते उलट तिच्यावरच चिडले. चौतीस वर्षं जपलेलं भूत असं कुणी हिरावून नेलं, की राग येणारच.

पण १९९८ च्या 'झॉम्बी आयलंड' या चित्रपटातही भुतं खरी होती आणि तो मात्र चाहत्यांनी डोक्यावर घेतला. फरक कुठे पडला? त्या चित्रपटात मंडळी सुरुवातीलाच कबूल करतात, की मुखवटे ओढून आम्ही कंटाळलो, आता खरं काही दिसतं का बघू. प्रेक्षकाला पहिल्याच फेरीत डाव कळतो. प्रेक्षकांची तक्रार भुताबद्दल कधीच नसते, मध्येच नियम बदलण्याबद्दल असते. भूत खरं ठेवा नाहीतर खोटं ठेवा, पण पत्ते वाटताना एक आणि पैसे मागताना दुसरं, असं करू नका.

या कसोटीवर सगळ्यात चोख उतरते ती 'मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड', २०१० ते २०१३ मधली बावन्न भागांची मालिका. ती घडते क्रिस्टल कोव्ह नावाच्या गावात. हे गाव स्वतःला जगातलं सगळ्यात झपाटलेलं ठिकाण म्हणवतं आणि त्यावरच पोट भरतं. वेल्माचे आईवडील भुतांचं संग्रहालय चालवतात. पकडलेल्या भामट्यांचे पोशाख तिथे मांडलेले आणि पर्यटक तिकीट काढून बघतात. पोरांनी एखाद्या भुताचा मुखवटा काढला, की महापौर आणि शेरीफ दोघांचीही तोंडं वाकडी होतात, कारण हंगामाचं नुकसान! महापौर म्हणजे फ्रेडचे वडील. पहिल्या पर्वाच्या शेवटी सगळ्यात मोठ्या मुखवट्याखालून तेच निघतात आणि मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. दुसऱ्या पर्वात गावाखाली गाडलेली दुष्ट शक्ती खरीखुरी निघते. तरी बहुतेक प्रेक्षकांनी हे मान्य केलं, कारण पहिल्या पर्वापासून तशी चाहूल दिलेली होती. ज्यांना ते रुचलं नाही त्यांचाही मुद्दा पोकळ नाही. ते म्हणतात, खरी भुतं दाखवायची तर जगात हजार मालिका आहेत. माणूस निघणारं भूत फक्त इथेच होतं.

क्रिस्टल कोव्हचं मराठी भावंड सिंधुदुर्गात आहे. आकेरीतल्या ज्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले'चं चित्रीकरण झालं तो मालिकेनंतर प्रेक्षणीय स्थळ झाला. गोव्याला निघालेल्या गाड्या वाट वाकडी करून 'नाईकांचा वाडा' बघायला जाऊ लागल्या. आणि याच मालिकेवर २०१६ मध्ये ती सुरू होताच कोकणातून आक्षेप आले होते, की कोकणी माणूस म्हणजे करणी आणि देवस्कीत बुडालेला, अशी ही बदनामी आहे. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात झाल्या, आणि त्यात दिसतो तेवढा विरोध नाही. बदनामीचा राग खरा होता, आणि दारात थांबलेल्या गाडीतल्या पाहुण्याला सोलकढी विकणंही खरंच होतं.

मालिकेची तीन पर्वं झाली. पहिलं अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू होतं, म्हणजे ते रहस्य होतं. वाड्यात कोण काय लपवतंय, याचा छडा लावत प्रेक्षक बसायचा. २०१९ मध्ये आलेलं दुसरं पर्व मागे गेलं आणि जिवंत अण्णा समोर आले. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरांत पोचली ती या पर्वात. त्यात भूत फारसं लागतच नव्हतं. अण्णांची नजर, त्यांचं हावरेपण, परसातली कुजबुज एवढ्यावर भीती उभी होती. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भुतं होऊनच वाड्यात वावरू लागले, शेवंताची अभिनेत्रीही मध्येच बदलली आणि पहिल्या दोन पर्वांचे अनेक भक्त इथे गळाले. माणूस म्हणून जो अण्णा घाबरवत होता, तो भूत झाल्यावर निरुपद्रवी वाटायला लागला. मेलेल्या माणसाला पुन्हा मरायचं भय नसतं, त्यामुळे त्याच्या हातून काही बिघडण्याचीही शक्यता राहत नाही.

कामोठे, खांदा कॉलनी, नवीन पनवेल इथल्या कोकणी घरांत याहून बारीक तक्रार ऐकू येते. गावचा राखणदार हे भूत नव्हे. त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, त्याच्या भरवशावर रात्री पाणंदीने एकट्याने जातात. त्याला आणि हडळीला एकाच धुरात उभं केलं, की शहरातल्या प्रेक्षकाला फरक पडत नाही, गाववाल्याला पडतो. लेखकांनी ही तक्रार मनावर घ्यायला हवी होती. भीतीचाही एक भूगोल असतो.

स्कूबीकडे परत येताना २०२३ च्या 'वेल्मा'बद्दल थोडक्यात. मोठ्यांसाठीच्या या मालिकेत वेल्मा भारतीय वंशाची होती आणि आवाज मिंडी केलिंगचा होता. पण त्यात कुत्राच नव्हता, आणि विनोदाचा रोख जुन्या चाहत्यांवरच होता. आयएमडीबीवर प्रेक्षकांनी दहापैकी दोनही गुण दिले नाहीत, दोन पर्वांत गाशा गुंडाळला गेला. वंशाच्या नात्याने भारतीय प्रेक्षक आपोआप खूश होईल, हा अंदाज साफ चुकला.

मराठीत मुलांच्या रहस्यकथेचा वारसा भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ 'फास्टर' फेणेकडे आहे. ऐंशीच्या दशकात सुमीत राघवनने तो दूरदर्शनवर साकारला. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी अमेय वाघला घेऊन चित्रपट केला, तेव्हा 'फास्टर फेणे' वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्यामागे लागला. चित्रपट चांगला होता, पण तो दहा वर्षांच्या मुलासाठी नव्हता. त्याच दिग्दर्शकाने पुढे 'झोंबिवली' आणि हिंदीत 'मुंज्या' केला आणि 'मुंज्या'ने शंभर कोटींवर धंदा केला. भुताला बाजार आहे, हे निर्मात्यांना आता पाठ झालं आहे.

मुखवटा काढणारी पोरं मात्र मराठी पडद्यावर कुणी आणत नाही. संध्याकाळी सातला, सासू-सुनांच्या आधी, अर्ध्या तासाची जागा एखाद्या वाहिनीने द्यावी. कथानकांना पनवेलच्या आसपास तोटा नाही. कर्नाळ्याचा सुळका आहे, कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, आणि उलव्याकडच्या एखाद्या रिकाम्या घरात रात्री दिवा लागतो, अशी आवई उठवून सात-बारा स्वस्तात मागणारा दलाल लिहायला लेखकाला फार कल्पनाशक्ती लागणार नाही.