जनतेची मोटार की जनतेची बस?

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटा उद्योगसमूहाने ‘नॅनो’ ही चिमुकली मोटार लोकांपुढे आणली, तेव्हा वृत्तपत्रांच्या उत्साहाला उधाण आले होते. एक लाख रुपयांत मोटार! पावसात भिजत एकाच स्कूटरवरून निघालेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले गेले. त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. परंतु दहा वर्षांनी, जून २०१८ मध्ये, या मोटारीचे उत्पादन महिन्याला अवघ्या एका गाडीवर आले आणि पुढे ते थांबलेच.

या अपयशाची मीमांसा व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत पुष्कळ झाली आहे. विक्रीचे धोरण चुकले, ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का नडला, असा तिचा निष्कर्ष. तो शिक्का हानिकारक ठरल्याचे खुद्द रतन टाटा यांनीही पुढे मान्य केले. मात्र ही मीमांसा जेथे थांबते, तेथूनच खरा प्रश्न सुरू होतो. एस.टी.चे तिकीट स्वस्त झाले म्हणून प्रवास करण्याची कोणाला लाज वाटत नाही. मग मोटारीच्याच बाबतीत स्वस्तपणा हा कलंक का ठरावा?

याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत सापडते. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती ३०० डॉलरच्या आत आली. फोर्ड हे कामगार संघटनांचे कट्टर वैरी होते. तथापि साधी, टिकाऊ आणि दरवर्षी स्वस्त होत जाणारी मोटार हे त्यांचे गणित निदान वस्तूच्या उपयुक्ततेवर उभे होते. अशा दीड कोटी गाड्या खपल्यावर भांडवलापुढे पेच पडला. ज्याच्या दारात चालती गाडी आहे, त्याला दुसरी कशी विकायची?

तो पेच जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी सोडवला. त्यांनी मोटारींची उतरंड रचली. तळाशी शेव्हरोले, शिखरावर कॅडिलॅक, आणि मध्ये प्रत्येक मिळकतीसाठी एकेक पायरी. दरवर्षी नवे रूप, नवा रंग, म्हणजे शेजाऱ्याची गाडी नवी दिसताच आपली जुनी वाटावी. हातात पैसा नसेल, तर हप्त्यांवर कर्ज देणारी कंपनी १९१९ पासून तयारच होती. याच जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२९ साली, ग्राहकाला सतत असमाधानी ठेवले पाहिजे, अशा आशयाचा लेखच लिहिला. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद पडली आणि स्लोन यांचा मार्ग साऱ्या मोटार उद्योगाचा राजमार्ग ठरला. तेव्हापासून हा उद्योग वाहनाबरोबर, किंबहुना वाहनापेक्षाही अधिक, सामाजिक पायरी विकत आला आहे.

भारतातही हेच घडले. १९८३ साली सरकारी मालकीच्या मारुती उद्योगाची छोटी गाडी रस्त्यावर आली. तीही स्वस्तच होती. परंतु कोणी तिला गरिबाची गाडी म्हटले नाही. ती मध्यमवर्गात प्रवेश मिळवून देणारी पहिली पायरी ठरली. नॅनोने मात्र त्या पायरीच्याही खाली एक पायरी खोदली. एप्रिल २००९ मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली, सोडत काढावी लागली, आणि तरीही वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असलेल्या कारखान्याची विक्री सर्वांत चांगल्या वर्षातही सुमारे ७५ हजारांवरच अडली. काही गाड्यांना आग लागल्याने भीती पसरली, किंमतही लाखावर राहिली नाही, ही कारणे आहेतच. पण ज्या बाजाराने प्रत्येकाला मोटारीवरून माणसाची किंमत करायला शिकवले, त्याच बाजारात दारिद्र्याची पाटी लावलेली मोटार घेऊन कोण मिरवणार होता? पुढे २०१३ मध्ये तिला शहरी तरुणांची ऐटदार गाडी म्हणून सजवण्याची धडपड झाली. म्हणजे ज्या स्कूटरवरच्या कुटुंबाच्या नावाने हा खटाटोप झाला, ते कुटुंबच जाहिरातीतून बाहेर पडले.

या प्रयोगाची किंमत केवळ भागधारकांनी मोजली असती, तर तो त्यांचा खासगी प्रश्न मानता आला असता. ती मोजली प. बंगालमधील सिंगूरच्या शेतकऱ्यांनी. तेथील सुमारे एक हजार एकर सुपीक जमीन १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने संपादण्यात आली, आणि तीही स्वतःला डावे म्हणवणाऱ्या सरकारच्या हातून. संघर्ष पेटला, ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना गुजरातेत गेला. तेथेही सरकारने सवलती पुढे केल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरवले. २०२३ मध्ये लवादाने प. बंगालच्या औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला ७६५ कोटींहून अधिक रक्कम व वर व्याज द्यावे, असा निवाडा दिला. जनतेच्या मोटारीसाठी आधी जनतेची जमीन गेली आणि मग हिशेबही जनतेच्याच तिजोरीवर आला.

आणि ते स्कूटरवरचे कुटुंब? ते आजही रस्त्यावर आहे. त्याला हवा आहे सुरक्षित, वेळेवरचा, पावसात न भिजवणारा प्रवास. ही गरज खरी आहे, पण बाजार तिचे भाषांतर फक्त ‘मोटार’ असेच करू शकतो. त्यात नफा दिसेना, तेव्हा उद्योगाने या ग्राहकाकडे पाठ फिरवली. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक गाड्या उंच, अवजड आणि महाग प्रकारच्या आहेत. सरकारची दृष्टीही निराळी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. बसवरही तो १८ टक्केच आहे. एका कुटुंबाचे वाहन आणि चाळीस-पन्नास माणसांचे वाहन सरकारच्या तराजूत समान वजनाचे!

बस वेळेवर येत नाही म्हणूनच लोक कर्ज काढून दुचाकी घेतात, हा आक्षेप रास्त आहे. पण बस आपोआप निकामी झालेली नाही. उड्डाणपुलांना पैसा आणि बसला तोट्याचा दाखला, या धोरणाने ती निकामी केली आहे. मोटार कारखान्यांतील कामगारांच्या रोजगाराचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र बसही कामगारांच्याच हातांनी बनते, आणि ती चालवायला चालक, वाहक व यंत्रज्ञ कायमचे लागतात.

म्हणून नॅनोच्या कहाणीतून अधिक चतुर जाहिरातीचा धडा घ्यायचा नाही. पुढच्या महापालिका अंदाजपत्रकाच्या वेळी प्रत्येक शहरातील कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न सभागृहात आणि चौकात विचारले पाहिजेत: उड्डाणपुलांवर किती खर्च झाला, बसवर किती झाला, आणि कामगार वस्तीच्या थांब्यावर दर किती मिनिटांनी बस येते? उत्तर मिळेपर्यंत ते विचारत राहणे, हेच आजचे काम आहे.