ओरखडा पडला, दोष कुणाचा?

भिलाईच्या कोहका भागातले एक घर डोळ्यांसमोर आणा. गृहस्थांनी पोलाद कारखान्यात पस्तीस वर्षे नोकरी केली, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये मुले वाढवली आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून इथे घर बांधले. सागवानी दाराला पीयू पॉलिश, भिंतींना धुता येणारा इमल्शन रंग, मुलाच्या खोलीत लॅमिनेटची जमीन. दुकानदार म्हणाला होता, “थोडे जास्त पडतील, पण माल स्क्रॅच-प्रूफ आहे.” म्हणून जास्त पैसे मोजले. वास्तुशांत झाली, पाहुणे परतले आणि आठवड्याच्या आत दारावर तिरपे ऊन पडताच बारीक बारीक चरे दिसू लागले.

“अहो, हे बघितलंत का?”

“बघतोय. चांगले पैसे मोजलेत मी याचे.”

“त्या कामवालीनंच घासलं असणार. हात म्हणजे नुसता दगड आहे तिचा. या महिन्याचे पैसे कापते की नाही बघा!”

घर कल्पनेतले असले तरी हा संवाद अनेक घरांत होतो. कुठे दोष मोलकरणीला मिळतो, कुठे सुनेला, कुठे रंगाऱ्याला. ओरखडा नेमका का पडला, हे मात्र कुणी विचारत नाही. ते समजून घेतले तर पैसेही वाचतात आणि एखाद्या गरीब बाईवर नाहक आळही येत नाही.

धुळीत काय असते?

१८१२ साली फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजे कठीणपणाच्या क्रमाने लावली. पहिला नंबर शंखजिऱ्याचा, म्हणजे जिच्यापासून टाल्कम पावडर होते त्या दगडाचा, आणि दहावा हिऱ्याचा. नियम साधा आहे. वरच्या क्रमांकाचा पदार्थ खालच्यावर ओरखडा पाडतो, खालचा वरच्यावर पाडू शकत नाही. आपले नख या पट्टीवर अडीचच्या आसपास येते, चाकूचे पाते आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास.

भिलाईच्या परिसरातले दगड या पट्टीवर ठेवून पाहा. कारखान्याला चुनखडक नंदिनीच्या खाणीतून मिळत आला. चुनखडकातले मुख्य खनिज तीन क्रमांकाचे, म्हणजे मऊच. दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाचा क्रमांक साडेपाच ते साडेसहा. आणि साधी वाळू, म्हणजे गारगोटीचे कण, थेट सातवर. रस्त्यावरून उडून घरात येणाऱ्या धुळीत हे गारगोटीचे कण हमखास असतात. डोळ्यांना ती मऊ भुकटी दिसते, पण कोरड्या फडक्याने दार पुसताना त्यातला एकेक कण फडक्यात अडकतो आणि फडक्याचा पॉलिशपेपर होतो.

आता दाराचा लेप पाहू. पीयू पॉलिश, ऑइलपेंट किंवा इमल्शन, वाळल्यावर त्याचा जो पातळ थर उरतो तो एक प्रकारचे प्लास्टिकच असते. वाळूपुढे त्याचा टिकाव कसा लागणार? म्हणूनच रंग तयार करणारे त्यात काही पूरक द्रव्ये मिसळतात. त्यांच्या मुख्य तऱ्हा दोन: एक टक्कर घेणारी, दुसरी निसटून जाणारी.

टक्कर घेणारा कुरुंद

मोसच्या पट्टीवर हिऱ्याच्या खालोखाल, नऊ क्रमांकावर जो दगड आहे त्याला मराठीत कुरुंद म्हणतात. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्यांच्या चाकात पूर्वापार हाच वापरला गेला. युरोपीय भाषांतले त्याचे नाव आपल्याकडूनच गेले. तमिळमधला ‘कुरुंदम’ आणि संस्कृतातला ‘कुरुविंद’ हे त्याचे पूर्वज. लाल आणि पारदर्शक असला की तोच माणिक, निळा असला की नीलम. छत्तीसगडच्या दक्षिणेला भोपालपट्टणमच्या परिसरात कुरुंद सापडतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत कुरुंद म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, अर्थात अॅल्युमिना. पोलाद कारखान्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे नाव भट्टीच्या विटांमुळे ठाऊक असते. आज त्याची भुकटी बहुतेक बॉक्साइटपासून कृत्रिमरीत्या तयार करतात. बॉक्साइट सरगुजातल्या मैनपाटावर आहे, तसे आपल्या कोल्हापूरकडच्या सह्याद्रीच्या माथ्यावरही आहे.

लॅमिनेटच्या जमिनीवर जी लाकडाची नक्षी दिसते, ती खरे तर छापील कागद असते. तिच्यावरच्या पारदर्शक थरात कुरुंदाचे सूक्ष्म कण पेरलेले असतात. खुर्ची सरकते, चप्पल घासते, तेव्हा झीज या कणांवर येते आणि नक्षी वाचते.

मग सगळीकडे कुरुंदच का घालत नाहीत? कारण अॅल्युमिना प्रकाशाला रंगाच्या राळेपेक्षा बराच जास्त वाकवतो. कण जाड असले तर पारदर्शक लेप धुरकट दिसतो. शिवाय तो जड असल्यामुळे पातळ रंगात डब्याच्या तळाशी बसतो. सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, अतिसूक्ष्म कण मात्र राळेत जवळजवळ दिसेनासे होतात. चष्म्याच्या प्लास्टिक काचांवर जो ‘हार्ड कोट’ चढवतात, त्यात बहुधा असे सिलिकाचे कण असतात. त्यांचा आकार नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस आपल्या मोटारींसाठी असाच सूक्ष्मकणांचा पारदर्शक लेप आणला.

निसटून जाणारे मेण

दुसरी तऱ्हा भांडण टाळणाऱ्या शहाण्या माणसासारखी आहे. रंगात मेणाचे बारीक कण किंवा सिलिकोनची संयुगे अगदी थोडी मिसळतात. रंग वाळताना ती वरच्या पृष्ठभागाशी येऊन राहतात. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि घासणारी वस्तू रुतण्याऐवजी सरकून जाते. बांगडी, किल्ली, बॅगेचा कोपरा यांच्या ओझरत्या घर्षणापासून हे चांगले संरक्षण असते. मात्र वाळूचा कण दाबून घासला तर तिथे मेणाचा काही इलाज चालत नाही.

सिलिकोनची एक अडचण रंगाऱ्यांना चांगली माहीत असते. त्याचे प्रमाण जास्त झाले तर त्या थरावर पुढचा हात नीट चिकटत नाही, रंगाला डोळे पडतात. म्हणून जुन्या पॉलिशवर नवे चढवताना आधी पॉलिशपेपर मारणे आवश्यक असते. रंगारी ते काम टाळत असेल तर त्याला अवश्य अडवावे. मात्र रंग फार जुना असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांची खात्री देता येत नाही. असा रंग कोरडा घासू नये, ओला करूनच घासावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

भिंतीच्या रंगाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. स्वस्त रंगात राळ कमी आणि खडूची भुकटी जास्त असते. स्विचबोर्डभोवतीचे डाग दोनचारदा पुसले की डागाबरोबर रंगही निघतो. याउलट मॅट रंगाची भिंत जोरात घासली की तिथे चकाकी येते. तो ओरखडा नसतो. मॅट दिसण्यासाठी ठेवलेला बारीक खडबडीतपणा घासून सपाट झालेला असतो, इतकेच. ज्या भिंतीला मुलांचे हात लागतात तिथे थोडी चमक असलेला, जास्त राळेचा रंग घ्यावा. छताला महाग रंगाची गरज नाही.

दुकानात काय विचाराल?

पहिली गोष्ट, ‘स्क्रॅच-प्रूफ’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. लेप ओरखड्याला विरोध करतो, ओरखडा अशक्य करत नाही. दुकानदाराला शब्दाऐवजी आकडा विचारावा. लॅमिनेटच्या जमिनीसाठी झिजेच्या चाचणीवरून एसी-३, एसी-४ अशा श्रेणी देतात. आकडा जितका मोठा तितकी झीज कमी. राहत्या घराला एसी-३ साधारणपणे पुरते.

पॉलिशची कठीणता मोजायला प्रयोगशाळेत चक्क पेन्सिली वापरतात. मऊ ६बी पासून कठीण ६एच पर्यंतच्या आणि त्यापलीकडच्याही पेन्सिली ठरावीक दाबाने, ४५ अंशांत धरून लेपावर ओढतात. जी सर्वांत कठीण पेन्सिल ओरखडा पाडू शकत नाही, ती त्या लेपाची पायरी. घरी प्रयोगशाळेची अचूकता येणार नाही, पण दोन पॉलिशांची तुलना नक्की करता येते. रंगाऱ्याकडून लाकडाच्या तुकड्यांवर नमुने करून घ्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि मुलाच्या कंपासपेटीतल्या एचबी, एच, २एच पेन्सिली त्यांवर ओढून पाहाव्यात. प्रयोग नमुन्यावर करावा, दारावर नव्हे.

‘पूर्ण वाळू द्यावेत’ हे शब्द महत्त्वाचे. डब्यावर लिहिलेली वाळण्याची वेळ ही हात लावण्यापुरती असते. लेप आतून पक्का व्हायला त्याहून पुष्कळ जास्त दिवस लागतात. पीयू पॉलिशला साधारण आठवडा, भिंतीच्या इमल्शनला तीनचार आठवडे धरावेत. तोवर कितीही उत्तम द्रव्ये घातलेली असली तरी लेप कच्चाच. मुहूर्त साधायच्या घाईत रंगारी संध्याकाळी जातो आणि दुसऱ्या सकाळी आपण दार पुसायला घेतो. डब्यातला रंग तळापासून नीट ढवळून घेणेही तितकेच गरजेचे. नाही तर कठीण कण डब्यातच राहतात आणि दाराला नुसतीच राळ मिळते.

हात तोच, भांडे बदलले

आपल्याकडे भांडी राखेने, मातीने, काथ्याने घासली जात. तांब्या-पितळेला ते चालत होते. वरचा थर थोडा गेला तरी खाली पितळच. नॉनस्टिक तव्याचे तसे नाही. तिथे लेप गेला की तवा गेला. त्या लेपातही आता खनिजांचे कठीण कण मिसळतात, पण स्टीलचा उलथना आणि तारेची घासणी यांच्याशी रोज झुंजण्यासाठी ते नसतात. लाकडी उलथना वापरावा आणि तवे एकमेकांत ठेवताना मध्ये कापड घालावे.

बाजारातल्या हिरव्या खरखरीत घासणीकडे तर जरा निरखून पाहा. तिच्या धाग्यांवर बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचेच कण चिकटवलेले असतात. म्हणजे जो कुरुंद जमिनीच्या रक्षणासाठी लेपात घातला, तोच घासणीतून आपण दाराच्या पॉलिशवर आणि तव्यावर चालवतो. बरोबरीचा पैलवान समोर असल्यावर लेप हरणारच.

उपाय स्वस्त आहेत. दार आणि फर्निचर आधी मऊ कुंचल्याने झटकावे, मग ओल्या, पिळलेल्या सुती फडक्याने न दाबता पुसावे आणि फडके वारंवार धुवावे. चष्मा पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने कोरडा पुसू नये. आधी नळाखाली धरावा, म्हणजे धूळ वाहून जाते. दारात पायपुसणे ठेवावे, कारण वाळू घरात येते ती पावलांबरोबर. रांगोळीत वाळू मिसळलेली असेल तर ती चकचकीत जमिनीवर पायाखाली येऊ देऊ नये. संगमरवर तर मोसच्या पट्टीवर जेमतेम तीनचा असतो. जड खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवावेत.

आता पुन्हा कोहक्याच्या त्या घरात जाऊ. तिथे पॉलिश होऊन चारच दिवस झाले होते. बांधकामाची वाळू अंगणात तशीच पडून होती. मोलकरणीच्या हाती जुन्या टॉवेलचा कोरडा तुकडा दिला होता आणि डाग निघेना तेव्हा भांड्यांची हिरवी घासणी. तिला कुणी काहीच सांगितले नव्हते. तिने दार लख्ख करायला सांगितल्याप्रमाणे लख्ख केले.

पॉलिशवरचे वरवरचे चरे चांगला कारागीर पुन्हा घासून, वरून एक हात देऊन पुष्कळसे घालवू शकतो. महिन्याअखेरी कापलेल्या पैशांनी त्या बाईच्या मनावर उमटलेला चरा मात्र कोणत्याही लेपाखाली झाकला जात नाही. पैसे कापण्यापूर्वी तिच्या हातात आपण काय दिले होते, ते आधी पाहावे.