भीमेची माती

सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही बंगालच्या उपसागराचा काठ आपल्या भीमेशी जोडलेला आहे. हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. (तेथे जुना मराठी शिलालेख आहे, अवश्य पाहा.) पुढे भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात समुद्राला.

नदी नुसते पाणी नेत नाही, मातीही नेते. त्या मातीच्या थरांनी कृष्णेच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश तयार झाला. ही मऊ जमीन आपल्याच भाराने हळूहळू दबते. नवा गाळ आला, तर तिची झीज भरून निघते. पण उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर या धरणांत गाळ अडतो. पात्रातील वाळू आपण ट्रकांत भरतो. मग समुद्र किनारा खात आत येतो. ही जमीन मुळातच सखल आहे. १९७७ च्या चक्रीवादळात समुद्राचे पाणी दिवीसीमा भागात घुसले आणि हजारो माणसे दगावली.

धरणे पाडा, असे मी म्हणणार नाही. उजनीचेच पाणी आपण पितो. किनाऱ्यावर खारफुटी लावणे आणि राखणे तेथील लोकांच्या हाती आहे. वाळूचा उपसा थांबवणे मात्र आपल्या हाती आहे.

"आंध्रच्या किनाऱ्याशी आपला काय संबंध?" असे कोणी म्हणेल. पुण्याचे सांडपाणी उजनीत येते, तेव्हा आपण पुणेकरांना जाब विचारतोच ना? तसाच जाब खालचे लोक आपल्याला विचारू शकतात.

शेजारी घर बांधत असतील, तर वाळू कोठून आणली ते विचारा. दगडाचा चुरा वापरूनही भिंत पक्की होते.