दुबईत विमा, भिवंडीत उचल

दुबईत परदेशी कामगाराचा आरोग्य विमा मालकानेच काढायचा, असा २०१३ चा कायदा आहे. आणि आपला माणूस? दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातून बायकापोरांसह भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर. आपल्याच मुलखात परका!

पाच लाखांचं आयुष्मान कार्ड आहे, मान्य. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. भट्टीवर पोराला ताप आला तर डॉक्टरची फी शेठकडून घ्यायची, ती उचलीत चढते. म्हणून दुखणं अंगावर काढतात.

१९९२ च्या वावर-वांगणीनंतर सरकार पाड्यावर आलं. पण सहा महिने पाडा रिकामाच असतो, त्याचं काय?

गाडी भरण्याआधी ग्रामपंचायतीने यादी करावी, दवाखान्याचा खर्च मालकाचा, हे लिहून घ्यावं. तुमच्या पाड्यावर कोणी विचारतं का? सांगा.