आभाळातले नियम

आमच्या बपेऱ्यावरून कधी कधी एखादं छोटं विमान घरघरत जातं. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं ना! आवाज आला की पाढे तिथंच थांबतात अन् सारा वर्ग खिडकीशी. परवा चौथीतल्या एकानं विचारलं, "बाई, वर तं रस्ताच नाही. मंग त्याइले नियम कायचे?"

मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'रोज पालेभाजी खावी.' 'बंद फाटकातून रूळ ओलांडू नये.' पहिला झाला सल्ला. दुसरा कायदा, तो मोडला तर शिक्षा होते.

वैमानिकालाही असे कायदे पाळावेच लागतात. १९४४ साली शिकागोत ५२ देशांनी करार केला, त्यातून जगभर सारखे नियम आले. आपल्याकडे आधी १९३४ चा कायदा होता; १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नियम मोडणाऱ्याचा परवाना काढून घेता येतो.

एक नियम ऐका. दोन विमानं समोरासमोर आली, तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. एकानं मनानंच डावीकडे घेतलं तर? टक्करच! नियम बंधनकारक का, ते इथं कळतं. समोरचा आपल्या भरवशावर असतो.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीला येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. समोरून सौदी विमान १४ हजारांवर येत होतं. मध्ये फक्त हजार फूट. कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली उतरलं आणि हरयाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही आदळली. ३४९ माणसं गेली. सौदी वैमानिकाची काही चूक नव्हती. पुढं भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. बहुतेक नियमांमागं अशीच एखादी संध्याकाळ असते.

"मंग नियम कधीच मोडायचा नाही?" त्याच मुलानं विचारलं. जीव वाचवायला दुसरा उपायच नसेल, तर वैमानिकाला तशी मुभा आहे. पण कंटाळा आला किंवा घाई आहे म्हणून नाही हं!

आता तुमचं काम. घरातले पाच नियम लिहा. त्यातला सल्ला कोणता, बंधन कोणतं? आणि मोडला तर त्रास कुणाला? आईबाबांनाही लिहायला सांगा. त्यांच्या वहीत हेल्मेट आहे का, ते बघा!