घरचं आरोग्य : सारखी भूक का लागते?

एका भगिनीचं पत्र आलंय. दोन महिने तिनं जेवण निम्म्यावर आणलं. वजन उतरलं, पण आता दुपारचे चार वाजले की हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. घरची माणसं म्हणतात, "तुझा जिभेवर ताबाच नाही!"

बाई, दोष जिभेचा नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथल्या काही पेशी 'न्यूरोपेप्टाइड वाय' नावाचं द्रव्य सोडतात. १९८२ साली स्वीडनमध्ये टाटेमोटो आणि मट यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं. ब्लाउजचं टिचबटण आठवा. एक अर्ध त्याच्या जोडीतच बसतं ना? तसंच हे द्रव्य पेशीवरच्या ठरावीक जागीच बसतं, आणि ते बसलं की भूक खवळते. 'पुरे आता' सांगणाऱ्या द्रव्याचीही अशी जागा असते. पण उपाशीपणी तिसरंच एक द्रव्य येऊन ती अडवून धरतं. एस.टी.च्या सीटवर रुमाल टाकावा तसं!

चरबी घटली की तिच्यातून रक्तात येणारं लेप्टिन कमी होतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. मग तो भुकेची द्रव्यं वाढवतो. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

तेव्हा निम्मं जेवण आधी बंद करा. भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर असं पोटाला आधार देणारं खा. वजन हळूहळू उतरू द्या. जागरणानंही भूक वाढते. भुकेबरोबर तहान आणि लघवीही वाढली असेल, तर मात्र रक्तातली साखर तपासून घ्या.