पाण्याने पोखरलेला सोन्याचा किल्ला

राजस्थानच्या पश्चिम टोकाला असलेल्या जैसलमेरमध्ये ऑगस्ट २०२४मध्ये जोरदार पाऊस झाला आणि तेथील सुप्रसिद्ध सोनार किल्ल्याच्या तटभिंतीचा एक भाग ढासळला. वर्तमानपत्रांतून या घटनेची छायाचित्रे आली, काही दिवस हळहळ व्यक्त झाली आणि दिवाळीनंतरच्या हंगामात पर्यटकांची रीघ नेहमीप्रमाणे सुरू झाली. सुमारे साडेआठशे वर्षे वेढे, लढाया आणि वाळूची वादळे सोसून उभा असलेला किल्ला एका पावसाने खचावा, हे वरवर पाहता अनाकलनीय वाटते. परंतु ज्यांनी या किल्ल्याची गेल्या चार दशकांतील स्थिती पाहिली आहे, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. पाऊस हे निमित्त होते. किल्ल्याच्या पायात पाणी त्याआधीच कित्येक वर्षे मुरत होते आणि ते आभाळातून नव्हे, तर नळातून आलेले होते.

भाटी राजपुतांचा राजा रावळ जैसल याने ११५६मध्ये त्रिकूट टेकडीवर या किल्ल्याची स्थापना केली, असे मानले जाते. सभोवतालच्या सपाट वाळवंटातून सुमारे अडीचशे फूट वर उठलेली ही टेकडी, तिच्यावर पिवळ्या वालुकाश्माचे ९९ बुरूज आणि सूर्य मावळतीला गेला की मधासारखा दिसणारा त्यांचा रंग. या रंगामुळेच त्याला सोनार किल्ला हे नाव मिळाले आणि सत्यजित राय यांच्या १९७४च्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाने ते घराघरांत पोहोचवले. अखैपोळ, सूरजपोळ, गणेशपोळ आणि हवापोळ अशा चार दरवाजांतून वळणे घेत वर गेले की दसरा चौक लागतो. समोर महारावळांचा राजवाडा, थोड्या अंतरावर लक्ष्मीनाथाचे देऊळ आणि त्यापलीकडे परस्परांना खेटून उभी असलेली जैन मंदिरे. पार्श्वनाथ, संभवनाथ, चंद्रप्रभ अशा तीर्थंकरांच्या या मंदिरांतील कोरीवकाम पाहताना दगड कोरला आहे की हस्तिदंत, असा प्रश्न पडतो. येथील जिनभद्रसूरी ज्ञानभांडारात ताडपत्रांवरील आणि कागदावरील प्राचीन हस्तलिखितांचा जो ठेवा आहे, त्याचे मोल विद्वानांच्या दृष्टीने मंदिरांइतकेच मोठे आहे. वाळवंटातील कोरड्या हवेने तो शतकानुशतके जपला, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात ठेवावयास हवी.

भारतातील बहुतेक किल्ले आज ओसाड आहेत. राजे गेले, फौजा गेल्या आणि मागे उरले ते दगड व माहितीफलक. जैसलमेरचे वेगळेपण असे की येथे आजही काही हजार माणसे राहतात. पुष्करणा ब्राह्मण आणि राजपूत घराणी पिढ्यान्‌पिढ्या या तटाच्या आत नांदत आहेत. सकाळी देवळातील घंटा वाजते, मुले दप्तर घेऊन शाळेसाठी उतरतात, बोळांतून गाई फिरतात आणि त्याच बोळांतून पर्यटकांचे जथे कॅमेरे सावरत चालतात. ‘जिवंत किल्ला’ असे त्याचे वर्णन केले जाते आणि ते सार्थ आहे. मात्र हे जिवंतपण टिकले ते एका कठोर शिस्तीवर. ती शिस्त पाण्याची होती.

जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात पावसाळ्यातील एखाद्या दिवशी एवढे पाणी कोसळते. तरीही हे शहर तहानेने ओस पडले नाही, कारण पडणाऱ्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवण्याची व्यवस्था समाजाने उभी केली होती. रावळ घडसी याने चौदाव्या शतकात बांधून घेतलेला गडसीसर तलाव, त्याच्याकडे पाणी वाहून आणणारा आणि काळजीपूर्वक स्वच्छ राखलेला ‘आगोर’, घराघरांतील ‘टांकी’ आणि पालीवाल ब्राह्मणांनी विकसित केलेली ‘खडीन’ ही बांध घालून ओल साठवण्याची शेतीपद्धती, ही त्या व्यवस्थेची अंगे होती. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ आणि ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकांतून या परंपरेची ओळख साऱ्या देशाला करून दिली. किल्ल्यावर पाणी विहिरींतून शेंदून किंवा खालून डोक्यावर वाहून न्यावे लागे. जे पाणी इतक्या कष्टाने येते, ते कोणी सांडत नाही. किल्ल्याची बांधणीही याच गृहीतावर झालेली होती. घरांच्या छपरांवर लाकूड आणि मातीचे थर, भिंतींना मातीचा गिलावा आणि क्वचित येणारा पाऊस चारही दिशांनी टेकडीबाहेर काढून देणारी ‘घूटनाली’ नावाची निचऱ्याची योजना, हे सारे अत्यल्प पाण्यासाठीच आखलेले होते.

या गृहीतालाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तडा गेला. त्यामागील कारणे समजण्यासाठी जैसलमेरच्या इतिहासाकडे थोडे वळून पाहणे आवश्यक आहे. हे शहर श्रीमंत झाले ते सिंध आणि अफगाणिस्तानकडून येणाऱ्या उंटांच्या तांड्यांमुळे. पटवांची हवेली, सालिमसिंहाची हवेली, नथमलची हवेली या एकोणिसाव्या शतकातील वास्तू त्याच संपत्तीची साक्ष देतात. परंतु याच शतकात मुंबई बंदर भरभराटीला आले, मालाची वाहतूक समुद्रमार्गे होऊ लागली आणि वाळवंटातील वाट निरुपयोगी ठरली. मुंबईच्या उत्कर्षाशी जैसलमेरच्या ऱ्हासाचे असे थेट नाते आहे. पुढे १९४७च्या फाळणीने उरलासुरला व्यापारही सीमेपलीकडे अडकला. त्यानंतर १९६५ आणि १९७१च्या युद्धांमुळे या भागाचे लष्करी महत्त्व वाढले, रस्ते आणि रेल्वे आली आणि त्यांच्या मागोमाग पर्यटक आले. व्यापार गमावलेल्या शहराला उपजीविकेचे नवे साधन मिळाले. येथील लोकांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारले, यात गैर काहीच नव्हते.

दुसरा बदल पाण्याचा. हिमालयातील नद्यांचे पाणी थरच्या वाळवंटात आणणाऱ्या राजस्थान कालव्याची, म्हणजे पुढे इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकल्पाची पायाभरणी १९५८मध्ये झाली आणि १९८०च्या दशकात त्याचे पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. त्या पाण्याने माणसांची तहान भागवली, बायकांच्या डोक्यावरील हंडे उतरवले. त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. परंतु किल्ल्यात नळ आले तेव्हा सांडपाणी कोठे जाणार, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. मग घरांची अतिथिगृहे झाली, अतिथिगृहांची हॉटेले झाली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि फ्लशचे शौचालय आले. छपरांवर उपाहारगृहे थाटली गेली. नंतर घातलेल्या भुयारी गटारांतूनही गळती होत राहिली. त्रिकूट टेकडीच्या वालुकाश्मात मातीचे थर आहेत. पाणी लागले की ते फुगतात, मऊ पडतात आणि वरचा भार पेलेनासे होतात. अंदाधुंद बांधकामांनी जुन्या घूटनालीचे मार्गही बुजवले. परिणामी पाणी बाहेर पडण्याऐवजी आतच जिरू लागले. १९९०च्या दशकात आणि त्यानंतर काही बुरूज आणि तटाचे भाग कोसळले. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९६मध्ये जगातील धोक्यात असलेल्या वास्तूंची जी पहिली यादी प्रसिद्ध केली, तीत जैसलमेरच्या किल्ल्याचे नाव होते. त्याच सुमारास ‘जैसलमेर इन जेपर्डी’ ही मोहीम ब्रिटनमध्ये सुरू झाली. राजवाड्याच्या काही भागाची दुरुस्ती झाली. जून २०१३मध्ये नोम पेन्ह येथील बैठकीत युनेस्कोने राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. चित्तोडगड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोण, आमेर आणि जैसलमेर हे ते किल्ले होत.

दर्जा मिळाला की वारसा सुरक्षित झाला, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. प्रत्यक्षात दर्जामुळे पर्यटकांची संख्या वाढते, म्हणजे पाण्याचा वापर वाढतो, म्हणजे ज्या रोगाने किल्ला आजारी आहे तोच बळावतो. हा विरोधाभास सोडवायचा तर जबाबदारी कोणाची, हे ठरले पाहिजे. येथेच सारे घोडे अडते. किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे, पण आतील घरे खासगी मालकीची आहेत. पाणी आणि गटारे राज्याची खाती व नगरपरिषद यांच्याकडे, देवळे विश्वस्तांकडे, राजवाडा राजघराण्याकडे. तट पडला की पुरातत्त्व खाते गटारांकडे बोट दाखवते आणि गटारे सांभाळणारे हॉटेलांकडे. संरक्षित स्मारकांसाठी २०१०मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. ज्यांचे घरच स्मारकाच्या पोटात आहे, त्यांना साधे छप्पर दुरुस्त करण्यासाठीही खेटे घालावे लागतात, ही रहिवाशांची तक्रार जुनी आहे. कायदा सामान्य गृहस्थाला जाचतो आणि चोरीछुपे मजले चढवणारा मात्र त्यातून वाट काढतो, हा अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही.

यावर अधूनमधून एक सोपा उपाय सुचवला जातो. सगळ्यांना खाली हलवा आणि किल्ला रिकामा करा. हा उपाय सोपा असला, तरी तो चुकीचा आहे. माणसे गेली की जैसलमेरचा किल्ला हा आणखी एक निर्जीव संग्रह होईल. छपरांवर दरवर्षी मातीचा हात फिरवणारे, देवळात दिवा लावणारे, भिंतीला तडा गेला तर पहिल्यांदा ओळखणारे लोकच तेथे उरणार नाहीत. शिवाय अन्यायाचाही प्रश्न आहे. आठ शतके ज्यांच्या पूर्वजांनी मोजूनमापून पाणी वापरून हा किल्ला राखला, त्यांनाच त्याच्या ऱ्हासाची शिक्षा का म्हणून द्यावी? घरात चार माणसांचे कुटुंब राहणे आणि त्याच घरात दहा खोल्यांचे हॉटेल चालवणे, यांत पाण्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. धोरणाने हे अंतर ओळखले पाहिजे.

म्हणून खरा उपाय माणसे हलवण्याचा नसून मुक्काम हलवण्याचा आहे. पर्यटकाने किल्ला दिवसा पाहावा, देवळांत जावे, बोळांतून हिंडावे, तेथील दुकानदाराकडून वस्तू घ्याव्यात, पण रात्रीचा मुक्काम खालच्या शहरात करावा. काही प्रवासमार्गदर्शक पुस्तकांनी किल्ल्यातील हॉटेलांची शिफारस करणे याच कारणासाठी थांबवले होते. ज्यांचा व्यवसाय आत आहे, त्यांना खाली जागा आणि पुरेशी भरपाई मिळाली, तर ते ऐकणार नाहीत असे मानण्याचे कारण नाही. केवळ नोटिसा बजावून मात्र हे होणार नाही. किल्ल्यात शिरायला आज तिकीट नाही. राजमहालाच्या संग्रहालयासारख्या ठिकाणीच पैसे द्यावे लागतात. बाहेरून येणाऱ्यांकडून माफक शुल्क घेऊन ते केवळ गटारे, घूटनाली आणि रहिवाशांच्या छपरांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवले, तर पैशाची सबब उरणार नाही. प्रत्येक जोडणीला मीटर आणि साऱ्या कामाची जबाबदारी एकाच यंत्रणेवर, या दोन गोष्टी त्याच्या जोडीला हव्यात.

हे सारे दूरच्या वाळवंटातील एका किल्ल्यापुरते नाही. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि त्यांत पन्हाळाही आहे. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, घरे आहेत, हॉटेले आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आहेत. नामांकनाच्या काळात तेथील रहिवाशांनी विस्थापनाच्या आणि निर्बंधांच्या भीतीने विरोधाचा सूर लावला होता. ती भीती अनाठायी आहे, असे म्हणून वेळ मारून नेण्यापेक्षा जैसलमेरमध्ये काय घडले, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल. पन्हाळ्यावर तर वाळवंटासारखा नव्हे, सह्याद्रीचा पाऊस पडतो. तेथे निचऱ्याचा प्रश्न अधिकच नाजूक आहे. रहिवाशांना विश्वासात घेऊन पाणी, बांधकाम आणि मुक्काम यांचे नियम आताच ठरवले, तर दर्जाचा आनंद टिकेल. अन्यथा दोन-तीन दशकांनी तेथेही ढासळलेल्या तटाची छायाचित्रे छापण्याची वेळ येईल.

हवामानाचा लहरीपणा वाढला आहे. ऑगस्ट २००६मध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात वाळवंटात पूर आला आणि कवाससारखी गावे पाण्याखाली गेली. जून २०२३मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाने पश्चिम राजस्थानला झोडपून काढले. असे पाऊस यापुढेही येतील आणि ते रोखणे कोणाच्या हाती नाही. किल्ल्याच्या पोटात रोज मुरणारे पाणी रोखणे मात्र निश्चितच हाती आहे. पूर्वीच्या जैसलमेरकरांनी थेंबांचा हिशेब ठेवला तो तहान भागवण्यासाठी. आता त्यांच्या वंशजांना, शासनाला आणि पर्यटकांना तोच हिशेब पायाखालची जमीन टिकवण्यासाठी ठेवावा लागेल. तो ठेवला नाही, तर जे काम शत्रूच्या तोफांना जमले नाही, ते न्हाणीघरातील नळ पुरे करतील.